दादासाठी शोधलेली दुसरी एलपी

दादा आज सकाळी गेला. काल त्याच्या कानातलं गाणं मी अर्ध्यावर काढून घेतलं होतं.

कुणाला तरी हे सांगायलाच हवं, म्हणून इथे लिहितेय.

हेमंत, माझा मोठा भाऊ. कारखान्यात टेक्निशियन होता. लग्न केलं नाही. कोलार रोडच्या घरात आम्ही दोघंच.

चार वर्षांपूर्वी अयोध्या नगरच्या कबाड्याकडे भंगारात पंख्याची मोटर शोधायला गेला आणि जुन्या एलपी रेकॉर्ड्सचा खोका उचलून आणला.
भजनं, कव्वाल्या, आणि स्कॉटलंडच्या कुठल्याशा बँडची एक.

नावही ऐकलं नव्हतं. तिकडेही त्यांना फारसं कुणी ऐकलं नाही, हे नंतर कळलं.

त्याने बाबांचा प्लेअर दुरुस्त करून ती लावली. एक बाई गात होती, भांडी आवरताना स्वतःशी गुणगुणावं तशी.

"हे इंग्लिश आहे?" मी विचारलं.
"आहे. पण आपल्या शाळेतलं नाही."

मग रोज संध्याकाळी वही घेऊन शब्द उतरवायचा. एका ओळीवरून आम्ही आठवडाभर भांडलो. तो म्हणे 'रेन', मी म्हणे 'ट्रेन'.

त्या बँडची अजून एक एलपी होती. नेटवर तिचं फक्त नाव सापडायचं, गाणी नाहीत.
"ती एकदा ऐकायचीय यार," म्हणायचा.

मग त्याची फुप्फुसं आकसत गेली. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. डॉक्टरांनी सांगितलं, आता इलाज नाही.

माझ्या हातात दुसरं काहीच नव्हतं. मी ती एलपी शोधत सुटले. दिसेल त्या ग्रुपवर पोस्ट टाकली, अनोळखी माणसांना अक्षरशः हात जोडले.

परवा नागपूरच्या एका काकांचा फोन आला.
"माझ्याकडे आहे ताई. लावतो आणि रेकॉर्ड करून पाठवतो."

त्यात त्यांच्या पंख्याची घरघर होती, कुकरची शिट्टी होती. आणि तीच बाई.

पण तोवर दादा आयसीयूत होता. नळी घातलेली, डोळे मिटलेले.

सिस्टरच्या मागे लागले. तिने पाच मिनिटं दिली.
"इन्हें सुनाई देगा?"
"पता नहीं दीदी. आप लगाइए."

कुठलं गाणं लावू तेच सुचेना. पहिलंच लावलं. इअरफोन त्याच्या कानात घातला, हात हातात धरला.
त्याचं बोट हललं. मला तरी तसं वाटलं.

तेवढ्यात डॉक्टर राउंडला आले.
"दीदी, बस. बाहर जाइए."

आणि मी शहाण्या मुलीसारखा इअरफोन काढला.

गाणं चालू होतं रे. मी काढला.

भावपूर्ण वगैरे लिहायला हात धजत नाही.
दादा, मला माफ कर. मी तिथे अजून दोन मिनिटं भांडायला हवं होतं.