त्यातल्या त्यात चांगला

इंदूरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि हसून म्हणाले, "कॅन्सर निवडायची वेळ आलीच ना, तर मी हाच निवडेन. थायरॉइडचा. चांगला असतो." मी मनात म्हटलं, मग घ्या की तुम्हीच! तोंडाने मात्र "थँक्यू सर" म्हणाले. माझा मुलगा पुण्याहून दोन दिवसांची सुट्टी काढून आला होता. तो शेजारी बसून सगळं ऐकत होता. बाहेर आल्याबरोबर त्याने एकेका नातेवाईकाला फोन लावले. चांगला कॅन्सर आहे, एक ऑपरेशन, नंतर एक कॅप्सूल, बस. टेन्शनची काही बात नाही.

झालं! त्या दिवसापासून माझा आजार गावाला माझ्यापेक्षा जास्त कळायला लागला.

मी बुऱ्हाणपूरला बुधवाऱ्यात राहते, घरी ब्लाऊज शिवते. मिस्टर कागद कारखान्यात होते. ते गेल्यापासून मशीन हाच माझा सोबती. ऑपरेशन होऊन परत आले, गळ्यावर आडवी चीर घेऊन मशीनवर बसले, तर बायका कापड द्यायला कमी आणि गळा बघायला जास्त यायला लागल्या. एकीने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "टाके किती बारीक घातलेत हो! दिसणार पण नाही." दुसरी म्हणाली, "चला, दगडापेक्षा वीट मऊ." अगं बाई, ती वीट माझ्या डोक्यात पडली आहे, मऊ की कडक हे तू कोण ठरवणार? पण गिऱ्हाईक आहे म्हणून गप्प बसले. मी गप्प बसणारी बाई नाही, हे माझ्या गल्लीत कोणीही सांगेल.

खरं सांगते, मला खूप भीती वाटत होती. रोज सकाळी उठल्यावर हात आधी गळ्याकडे जायचा. पण बोलणार कोणाजवळ? रडू आलं की माझी मलाच लाज वाटायची. चांगला कॅन्सर झालेली बाई रडते म्हणजे नाटकच की! एकदा मुलाला फोनवर म्हटलं, "मला भीती वाटते रे." तो म्हणाला, "आई, गूगल कर. काही होत नाही त्याच्यात." मी फोन ठेवला आणि कोणाच्या तरी साडीला फॉल लावत बसले.

मग त्या कॅप्सूलची तयारी सुरू झाली. कॅप्सूल आयोडीनची, पण किरणांची. गळ्यात उरलंसुरलं असेल ते जाळायला. ती घेतली की तीन-चार दिवस दवाखान्याच्या खोलीत एकटीने राहायचं, जवळ कोणी यायचं नाही. आणि त्याच्या आधी शरीराला आयोडीनसाठी उपाशी ठेवायचं. रोजची थायरॉइडची गोळी बंद. शेवटचे दोन आठवडे दूध बंद, पाकिटातलं आयोडीनवालं मीठ बंद. कोणतं मीठ चालतं आणि कोणतं नाही, या भानगडीत मी पडलेच नाही. मीठच बंद करून टाकलं.

गोळी बंद झाली आणि माझी पार रया गेली. मे महिन्यात बुऱ्हाणपूर भाजून निघतं, आणि मी पंखा बंद करून शाल पांघरून बसलेली. तोंड सुजलं, आवाज पुरुषासारखा झाला, मशीनचं पायडल दाबायला पाय उठेनात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी इंदूरच्या तारखेला गोल केला होता. एकेक दिवस खोडत होते. ती तारीख एकदाची येऊ दे, एवढंच माझं मागणं होतं.

माझं हे ध्यान पाहून जसोंडी गावाहून नणंद आली. केळीवाल्यांच्या घरची, सकाळी पाचला उठून वीस माणसांच्या भाकऱ्या थापणारी बाई. आल्या आल्या तिने पदर खोचला, माझ्या हातातलं उलथणं काढून घेतलं. "तुम्ही बसा वहिनी. मी आली ना. काही नाही होत, चांगल्यातला आहे तो." मी तिला मिठाचं तीनदा समजावून सांगितलं. ती "हो हो" म्हणाली.

चौथ्या-पाचव्या दिवशी जेवता जेवता माझ्या लक्षात आलं, वरण चांगलं लागतंय. नुसतं चांगलं नाही, वरणासारखं लागतंय. मी ताट सरकवलं आणि स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर डब्यांच्या मागे मिठाचं पाकीट, तोंड दुमडून ठेवलेलं.

"ताई, हे काय आहे?"

"थोडंसंच घालत होती वहिनी. चिमूटभर. चिमटीने काय होतं?"

"कधीपासून?"

तिने पाकीट उचलून पदराखाली धरलं. म्हणजे आल्या दिवसापासून.

मी दवाखान्यात फोन लावला. तिथल्या बाईंनी डॉक्टरांना विचारून सांगितलं, तारीख पुढे जाईल, पथ्य पहिल्यापासून करा. आणखी दोन आठवडे गोळी नाही. आणखी दोन आठवडे ते सुजलेलं तोंड, ते दगडाचे पाय. आणि गळ्यात जे काय असेल ते तसंच बसून.

मग माझा तोल गेला. रस्त्यावरचं दार सताड उघडं होतं, राहू दे! तो घोगरा आवाज काढून मी ओरडले, "मला कॅन्सर आहे! चांगला नाही, वाईट नाही, कॅन्सर आहे! तुम्हा सगळ्यांना मस्करी वाटते का? मी मरेन ना, तेव्हा तरी म्हणू नका की चांगल्याने मेली!" समोरचा चहावाला हातात गाळणी धरून बघत उभा राहिला.

नणंद ओट्याला टेकून खाली बसली. ही बाई रडताना मी पाहिली नव्हती, भावाला नेलं तेव्हाही नाही. म्हणाली, "वहिनी, दादा गेला तेव्हा दहा दिवस या घरात अळणी शिजवलं. मीच शिजवलं. आता परत त्याच चुलीवर अळणी करायला हात नव्हता धजत माझा. सुतकाचं जेवण जित्या माणसाच्या ताटात कसं वाढू? मला वाटलं, असं वाढलं तर तुम्ही पण..."

मी तिच्याशेजारी फरशीवर बसले. राग होताच. दोन आठवडे वाया घालवले होते तिने, तो राग काही लगेच जात नसतो. पण इतक्या महिन्यांत माझ्यासाठी घाबरलेलं माणूस मला पहिल्यांदा दिसत होतं. बरं वाटलं. असं कसं बरं वाटलं म्हणाल, पण वाटलं.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. मी उचलायच्या आत नणंदेने घेतला, डोळे पुसत. पलीकडून तो नेहमीसारखा विचारत असणार, आत्या, कशी आहे आई, मस्त ना?

"मस्त नाही बेटा," ती म्हणाली. "तुझ्या आईला कॅन्सर आहे. माझ्या हाताने चूक झाली, तारीख पुढे गेली. आणि ती खूप घाबरलेली आहे. मी पण."

मग तिने फोन माझ्या हातात दिला. मी कानाला लावला. माझा तीस वर्षांचा मुलगा हुंदके देऊन रडत होता.

"आई," तो म्हणाला, "मी रोज रात्री वाचतो गं त्याच्याबद्दल. रोज."