तरंग धरणारा हात

कृष्णनाथने मूठ मिटली की अख्खा उंडा पाव तिच्यात दिसेनासा व्हायचा. तीस वर्षं त्याने जांभ्या दगडाचे चिरे उचलले आणि तेवढीच वर्षं दसऱ्याला देवाचं तरंग धरलं. तरंग म्हणजे साड्यांच्या घोळांनी मढवलेला दोन पुरुष उंच खांब. त्याचा मान कृष्णनाथच्या घराण्याचा. तरंग आडवं झालं तर गावाचं वर्ष वाईट जातं, असं गोव्यातल्या इब्रामपूरकडच्या त्या वस्तीवर सगळे मानत. त्याच्या हातात ते कधी कललंही नव्हतं.

गणपतीनंतर एका सकाळी त्याच्या हातातून चहाचा ग्लास पडला. निसटला नाही. बोटंच उघडली, त्याला न विचारता.

मुलगी सिद्धी फिजिओथेरपी शिकत होती. तिने मुठीचा जोर मोजायचं यंत्र घरी आणलं. टेपने बापाचा पंजा मोजला, मनगट ते कोपर मोजलं. मग म्हणाली, "आवळ."

काटा एकोणीस किलोवर थांबला. गंमत म्हणून आईने, सुमंगलाने, आवळलं. चोवीस.

"आता उद्यापासून चिरे मी उचलतंय," सुमंगला म्हणाली. "तू भाकऱ्यो थाप."

सिद्धी हसली नाही. "मोठ्या हातात जोर जास्ती असता, ह्या खरा. तुझो पंजो बघलो तर पंचेचाळीस तरी होवचे. म्हणानच माका भय वाटता. उजवो हात डाव्यापेक्षा बारीक झालोहा, बाबा. मानेतली शीर दबली आसतली. फोंड्याक डॉक्टराक दाखवया."

"दसऱ्यानंतर."

"मगे तरंग बाबलीकाकाक दी. तोय आपल्याच घराण्यातलो."

"बाबलीचो पंजो बघलंस? बायलमाणसासारखो."

"त्याची मूठ मोजलंय मी. एकेचाळीस."

 त्यानंतर जेवताना कृष्णनाथ आपल्या उजव्या हातावर नजर ठेवी, एकदा चावलेल्या कुत्र्यावर ठेवावी तशी.

दसऱ्याला त्याने साडीच्या घोळाआड आपलं मनगट खांबाला पट्टीने बांधलं. गाठ मारल्यावर त्याला कळलं, की आता तो पडला तर खांबही त्याच्यासोबत येईल. ढोल सुरू झाले. देवळाच्या तिसऱ्या पायरीवर बोटं उघडली. खांब पट्टीवर लोंबला, हेलकावला आणि थांबला. लोकांना दिसत होता तो रुंद पंजा. ते हात जोडून उभे होते.

तरंग जागेवर उभं राहिलं. लोक वाकले असताना त्याने गाठ सोडली.

मग वस्तीतली शालिनी पुढे आली. कडेवर तीन महिन्यांचा मुलगा. वर्षात जन्मलेलं मूल तरंग धरणाऱ्याच्या हातात आधी द्यायचं, ही तिथली रीत. कृष्णनाथ ती विसरला नव्हता. फक्त त्याची भीती पायऱ्यांपर्यंतच पोचली होती; त्यापुढे हातात येणाऱ्या मुलाचा विचार त्याने केलाच नव्हता.

"घेवा, दादा."

त्याने हात मागे घेतले. "माज्या हातात नको."

ढोल थांबले. शालिनीचा चेहरा पांढरा पडला. तरंग धरणाऱ्याच्या अंगात देव उतरतो असं मानत, आणि त्याच माणसाने मूल नाकारलं होतं.

"पोराचा काय नाय," तो घाईने म्हणाला. "पोर बरा आसा. माझो हात गेलो. बघ." त्याने उजवा हात पुढे केला, मूठ वळायचा प्रयत्न केला. बोटं अर्ध्यावर थरथरत राहिली. खांबाची पट्टीही त्याने दाखवली. "बाबलीकडे दी. तेची मूठ घट आसा."

बाबली पुढे आला, आपले लहान हात पसरून. 

शालिनी मात्र पट्टीकडेही बघत नव्हती, बाबलीकडेही. ती कृष्णनाथच्या तोंडाकडे बघत होती, ते ‘नको’ देवच म्हणाला असावा तशी, आणि मूल छातीशी इतकं आवळत होती, की ते रडू लागलं.