बटणात अडकलेलं कुंकू

मुलीच्या फोनवरून धोक्याचा मेसेज आला तेव्हा मी मटार सोलत होते. जानेवारीतली संध्याकाळ, बाहेर धुकं उतरायला लागलं होतं. फोन नेहमीसारखा वाजला नाही, किंचाळला. तो आवाज मीच निवडला होता, दुसऱ्या कशाशी गोंधळ नको म्हणून. स्क्रीनवर ‘मला मदत हवी आहे’ एवढंच वाक्य आणि खाली नकाशात लाल ठिपका. ठिपका मानेसरहून येणाऱ्या हायवेवर नव्हता. हायवे सोडून आत, आमच्या सेक्टरच्या मागे नुसते प्लॉट पाडून ठेवलेत, तिथे होता.

मी तिला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

ही व्यवस्था माझीच होती. मुलगी मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला लागली, तेव्हा मी एकच अट घातली. फोनचं पॉवर बटण पाच वेळा पटापट दाबलं की मला आणि तिच्या बाबांना मेसेज जाईल, अशी सोय तिच्याकडून करून घेतली. कंपनीची बस तिला हायवेच्या चौकात सोडायची. तिथून घरापर्यंत शेअर ऑटो. तेवढ्याच तुकड्याची मला धास्ती होती.

मी वाढले सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये. तिथे मुलीला घरी यायला उशीर झाला तर आईच्या आधी समोरच्या काकूंना कळायचं. त्याचा तेव्हा राग यायचा. लग्नानंतर, नव्या कंपन्या यायला लागल्या त्या काळात, नवऱ्याला मानेसरला नोकरी मिळाली आणि आम्ही गुडगावात फ्लॅट घेतला. बिल्डरने कागदावर दाखवलेला बाग, क्लब, पोहण्याचा तलाव यथावकाश झाला. फक्त एका सोसायटीच्या भिंतीपासून दुसऱ्या सोसायटीच्या भिंतीपर्यंत जे मधे राहिलं, त्याकडे कोणी पाहिलं नाही. तिथे काकू नाहीत, खिडक्या नाहीत, दिवेही नाहीत.

नवरा त्या हिवाळ्यात कंपनीच्या पुण्याच्या प्लांटवर होता. त्याला फोन लावला तर त्याने आधीच मेसेज पाहिलेला.

“अगं, घाबरू नकोस. पर्समध्ये दाबलं गेलं असेल बटण.”

“आणि मग फोन बंद कसा?”

तो म्हणाला, “तू निघ. मी तिच्या ऑफिसात विचारतो.”

मी चपला घालून निघाले. गेटवरून ऑटो केली आणि ड्रायव्हरला फोनवरचा ठिपका दाखवला. तो म्हणाला, “मैडम, वहाँ तो कुछ है ही नहीं.” मी म्हटलं, चलो.

खरंच तिथे काही नव्हतं. एका बाजूला विटांची कुंपणं, दुसऱ्या बाजूला अर्धवट उभी इमारत, आणि तिच्यासमोर निळ्या पाण्यात हसणाऱ्या कुटुंबाचं भलंमोठं होर्डिंग. धुक्यात ऑटोचा दिवा चार हातांपलीकडे पोचत नव्हता. मी उतरून मुलीला हाका मारल्या. स्वतःचा आवाज परका वाटला. कुंपणाआड एक कुत्रं भुंकायला लागलं, बाकी काही नाही. मी गवतात पाहिलं. काय शोधत होते ते मला माहीत होतं, आणि ते सापडू नये म्हणून मी नीट पाहत नव्हते.

तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला.

“आई, तू आहेस कुठे? मी खाली गार्डजवळ उभी आहे. माझ्याकडे किल्ली नाहीये, यार.”

मी ऑटोच्या दांड्याला धरून उभी राहिले. तोंडातून निघालं ते असं : “तुला किल्ली बरोबर ठेवायला किती वेळा सांगितलंय?”

घरी आल्यावर फोन पाहिला. तो आपला आपण बंद होत होता, चालू होत होता, परत बंद होत होता. पॉवर बटण आत रुतून बसलं होतं. नखाने बाहेर काढलं की थोडा वेळ शहाण्यासारखा वागायचा, पुन्हा दाबलं की तेच.

“झालं ना समाधान?” मुलगी म्हणाली. “बटण खराब आहे. त्यानेच मेसेज केला. आता ते मेसेजचं बंद करून टाकते मी. बाबा सांगत होते, त्यांनी ऑफिसात फोन केला तेव्हा सगळे विचारत होते, मॅडम किडनॅप झाल्या का.”

“बंद करायचं नाही.”

“आई, बिल्कुल चुकीचा अलार्म होता तो!”

“म्हणून बटण दुरुस्त करायचं. अलार्म नाही काढायचा.”

दुसऱ्या दिवशी शनिवारची सुट्टी होती, मी तिचा फोन घेऊन मार्केटमध्ये गेले. दुकानदार म्हणाला, ठेवून जा, आणि स्क्रीनचं लॉक सांगून जा, तपासायला लागेल. मी फोन उचलला आणि परत आले. त्यात तिचे फोटो, तिचे मेसेज, ती कुठून कधी निघते, घरी कधी पोचते, सगळं. दोन दिवस ते एका अनोळखी ड्रॉवरमध्ये ठेवायला मी तयार नव्हते. घरातलं मिक्सर, इस्त्री, शिलाई मशीन मी खोलते. हे तर एक बटण.

रविवारी दुपारी बाल्कनीत ऊन आलं तेव्हा जुन्या चादरीवर सगळं मांडलं : मऊ टूथब्रश, दात कोरायच्या काड्या, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या, आणि केमिस्टकडून आणलेलं आयसोप्रोपिल, इंजेक्शनआधी दंडाला लावतात त्या जातीचं स्पिरिट. सवयीने शिलाई मशीनच्या तेलाची बाटलीही आणली होती. नवरा व्हिडिओ कॉलवर होता. त्याला ती दिसली.

“ते तेल आधी आत ठेव.”

“मी घालणार नव्हते.”

“ओळखतो मी तुला. दाराच्या कडीपासून माझ्या ताईच्या गुडघ्यापर्यंत सगळ्याला तू तेच तेल सुचवतेस.”

मुलगी हसली. मी बाटली आत ठेवली.

आधी फोन बंद करायचा होता. तो स्क्रीनवरून करता आला. चालू मात्र त्याच बटणाने करायचा होता, आणि बटण गेलं तर फोन गेला. मुलीने ‘आई, नको यार’ म्हणत हात पुढे केला, तोवर स्क्रीन काळी झाली होती. कव्हर काढलं. ओलं आत उतरू नये म्हणून बटणाची कड जमिनीकडे धरली आणि खाचेतून काडी हलकेच फिरवली.

काडीचं टोक लाल होऊन बाहेर आलं.

ते दोन क्षण मी विसरणार नाही. उन्हात बसलेली मुलगी माझ्यासमोर होती, धडधाकट, मटारच्या करंज्या खात. तरीही तिच्या फोनमधून निघालेला तो लाल लेप पाहून मला ते गवत आठवलं.

“ब्लड आहे का?” मुलीनेही विचारलं.

मी वास घेतला. गुलाबपाण्याचा होता. “कुंकू आहे.”

मग उलगडा झाला. आदल्या आठवड्यात आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. दिल्लीतली आमची नेहमीची मंडळी आली होती, कॅन्टोन्मेंटमधल्या फौजींच्या बायकाही आल्या होत्या. इथे दाराला दार लागून मराठी घर नसतं. वर्षातून एकदा जमतो, त्यामुळे सगळं जरा सढळ हाताने होतं. मुलगी फोटो काढत होती. मधे तिळगूळ वाटायला उठली तेव्हा तिने फोन हळदीकुंकवाच्या तबकातच ठेवला, करंड्याला टेकवून. त्यात मी येणाऱ्या प्रत्येकीवर गुलाबदाणीने शिंपडत होते. कुंकू पडलं, गुलाबपाणी पडलं, आणि दोन्ही मिळून खाचेत वाळून घट्ट बसलं. गुडगावच्या त्या दुकानदाराने डोकं फोडून घेतलं असतं तरी त्याला हे निदान झालं नसतं.

“म्हणजे बाबा, आईनेच किडनॅप केलं मला,” मुलगी फोनमध्ये पाहून म्हणाली.

मी कापसाची काडी स्पिरिटमध्ये टेकवली, निथळून घेतली आणि बटणाच्या कडेने फिरवली. दाबायचं, सोडायचं, पुसायचं. दाबायचं, सोडायचं, पुसायचं. आधी लाल, मग पिवळट गुलाबी, मग नुसती ओली काडी. बटण आता वर यायला लागलं. टक् असा आवाजही आला. फोन उन्हापासून जरा बाजूला वाळत ठेवला.

वाळेपर्यंत बसायचंच होतं, तेव्हा माझ्या डोक्यात एक गोष्ट घोळायला लागली. मशीन खोलणाऱ्याला ही सवय असते. बिघाड सापडला तरी त्याने सगळं जुळतंय का ते पाहावं लागतं. बटण आपोआप आत जात नव्हतं. मी सकाळपासून पाहिलं होतं, जोर लावून दाबलं तरच ते रुतायचं. पर्सचा तो भाग मऊ कापडाचा. कुंकवाने बटण अडकवलं, हे खरं. पण दाबलं कोणी?

नवरा तोवर जेवायला गेला होता. मी मुलीला विचारलं, “त्या दिवशी फोन कुठे होता? पर्समध्ये?”

“हो.”

तिने करंजीचा तुकडा ताटलीत ठेवला.

“हातात होता,” ती म्हणाली. “जॅकेटच्या खिशात. हात आत.”

“आणि?”

“आणि काय. अंगठा बटणावर असतो माझा. ऑटोत बसले की.”

“रोज?”

“रोजच. त्या दिवशी हायवेवर जाम होता म्हणून ड्रायव्हरने ऑटो आतल्या रस्त्याने घातली. बाकीचे बांधकामाच्या साइटवर उतरून गेले, मी एकटीच राहिले. पुढे त्याच्याशेजारी एक जण बसला होता, तो आरशातून सारखा बघत होता. मी दोन-तीनदा दाबलं. पाच नाही, दोन-तीनच. बघायचं होतं की दाबता येतंय का. तर ते अडकलं, उरलेले दाब ऑटोच्या हादऱ्यांनीच पडले असतील. मग फोनच गेला.” ती थांबली. “काही झालं नाही, आई. सोडलं त्यांनी मला गेटवर. काहीच होत नाही. रोज काहीच होत नाही.”

मी वाळत ठेवलेल्या फोनकडे पाहत राहिले. इतके महिने ती घरात शिरली की मी विचारायचे, आज काय खाल्लंस, साहेब काय म्हणाले. ती सगळं सांगायची. अंगठा तिने सांगितला नव्हता, कारण सांगितला असता तर मी नोकरी सोडायला लावली असती. तसं ती म्हणालीही.

फोन वाळला. बटण दाबून धरलं. काहीच नाही. स्क्रीन काळीच. मुलीने माझ्याकडे पाहिलं. चार्जर लावला. बऱ्याच वेळाने कंपनीचं चिन्ह उजळलं.

“आता टेस्ट कर,” मी म्हटलं. “पूर्ण पाच.”

तिने पाच वेळा दाबलं. माझा फोन किंचाळला. ती समोर बसलेली असून, मीच सांगितलेलं असून, मी दचकून उभी राहिले. लाल ठिपका आमच्याच बाल्कनीवर होता. तो आवाज बंद करतेय तोवर नवऱ्याचा फोन आला. त्याला आधी सांगायचं राहून गेलं होतं.

“कुठे आहे ती? कुठे गेली आता? तू एकटीला सोडलंस कशाला?” त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. घाबरू नकोस म्हणणारा माणूस हाच.

“बाबा, मी इथेच आहे. टेस्ट होती,” मुलगी म्हणाली.

मागे कॅन्टीनमधल्या ताटांचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, “सांगून करत जा,” आणि त्याने फोन ठेवला.

सोमवारी मुलगी कामावर गेली. बिघडलेलं बटण निदान ओरडत तरी होतं, दुरुस्त झालेलं गप्प होतं. संध्याकाळ झाली, धुकं आलं, माझा फोन ओट्यावर गप्प पडून होता. मुलगी गप्प आहे म्हणजे काही झालं नाही, की दोन-तीनदाच दाबलंय, पाच नाही? मी पिशवी घेतली आणि हायवेच्या चौकात जाऊन उभी राहिले.

बस आली. मुलगी उतरली, मला पाहून तिचा चेहरा उतरला. मागून तिच्याबरोबरच्या मुली उतरत होत्या.

“आई, प्लीज. तू कशाला?”

“मेथी घ्यायला आले.”

“मेथी गेटवर मिळते.”

“तिथली कडू असते. चल.”

आम्ही शेअर ऑटोत बसलो. पुढे ड्रायव्हरच्या शेजारी एक जण होता. मागे आमच्याबरोबर दोन मजूर, तेही साइटवर उतरून गेले. ड्रायव्हरने हायवेवरचे थांबलेले दिवे पाहिले आणि काही न विचारता ऑटो आतल्या रस्त्याला वळवली. विटांची कुंपणं सुरू झाली. तेच होर्डिंग मागे गेलं. आरशात दोन डोळे होते. ते रस्त्याकडे होते की आमच्याकडे, धुक्यात सांगता येत नव्हतं.

मुलीचा हात जॅकेटच्या खिशात होता. ती समोर पाहत होती, रोजच्यासारखी. मी पिशवीत हात घातला, मेथीच्या जुडीखाली माझा फोन चाचपला, आणि त्याच्या कडेचं बटण सापडल्यावर गेट येईपर्यंत अंगठा तिथेच ठेवला.