वाळूत आखलेला ट्रेलर

व्हर्ना स्टोडार्डने तीस वर्षं शाळेची बस चालवली आणि मग घर विकून टाकलं. उरलेलं आयुष्य छोट्या ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरात, काढायचं होतं. कायमच्या पलंगाचा घ्यायचा की रात्री पलंग होणाऱ्या टेबलाचा, हे विक्रेत्याला आज संध्याकाळी पाचपर्यंत कळवायचं होतं.

ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या या ट्रेलरवाल्यांच्या तळावर लोक ट्रेलर घेण्याआधी तो दगडांनी जमिनीवर आखतात आणि एक दिवस त्यात राहून बघतात. व्हर्नाच्या म्हणण्याप्रमाणे ती सकाळपासून त्या सोळा बाय सात फुटांत राहत होती.

शेजारचा ऑर्विल दगड ओलांडून आला.

"अरे, भिंतीतून काय शिरतोस? दार तिकडे!"

तो वळसा घालून दारातून आत आला. "काय ठरलं?"

"पलंग घेतला तर माझं जिगसॉ, ते तुकडे जुळवायचं चित्र, कुठे मांडू? टेबल घेतलं तर झोपण्यासाठी जुळवलेलं चित्र रोज रात्री मोडायला लागणार."

"मग झोपूच नकोस."

"तुझं डोकं!" तिने पलंगाचे दगड पाचव्यांदा हलवले.

"व्हर्ना, आज दिवसभर बसली होतीस कुठे?"

तिने वळून पाहिलं. खुर्ची, कॉफी, घडीचं टेबल आणि त्यावरचं अर्धं जिगसॉ, सगळं दाराबाहेर ताडपत्रीच्या सावलीत होतं. आत ती फक्त पाठ टेकायला आली होती.

"आणि वारा सुटला की? तुकडे उडून जातील!" ती म्हणाली.

ऑर्विलने घड्याळाकडे बोट दाखवलं.

पाचला पाच मिनिटं असताना तिने फोन करून "पलंगाचा" म्हणून सांगितलं. मग पलंगाचे चार दगड उचलून जिगसॉच्या कोपऱ्यांवर ठेवले, आणि आपण बरोबर केलं का, हे ऑर्विलला विचारलं.