शनीसाठी कॅमेरा

अण्णांच्या मानेचा एक्स-रे सूनबाईनेच काढला होता. रुग्णालयातल्या एक्स-रे विभागात तिची सतरा वर्षं गेली होती, त्यामुळे डॉक्टर तोंड उघडण्याआधीच तिला सगळं कळलं होतं. मानेच्या मणक्यात हातांकडे जाणाऱ्या नसा दबल्या होत्या. शस्त्रक्रिया गुरुवारी ठरली. "हातांची ताकद परत येईलच, असं छातीठोक सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

अण्णा, म्हणजे तिचे सासरे, जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. हौस एकच, गॅलरीतली छोटी दुर्बीण. मानेला पट्टा लागल्यापासून तिच्यात वाकून बघणं बंद झालं होतं. "शनीची कडी यंदा आपल्याला आडवी दिसतात, रेघेसारखी मिटत चालली आहेत. पुन्हा उघडलेली बघायला मिळतात की नाही, कोण जाणे," एवढंच एकदा बोलले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

ते तिच्या मनाला लागलं. दुर्बिणीला कॅमेरा जोडला तर शनी पलंगासमोर लॅपटॉपवर दिसेल. पण कुठला कॅमेरा?

दुकानदाराने एक दणकट कॅमेरा पुढे केला. "हाच घ्या ताई. एकेक फोटो पाच-पाच मिनिटं घेतो, अंधुकातलं अंधुक टिपतो." शेजारी काडेपेटीएवढी एक डबी होती, ना पडदा ना बटण. "ही सेकंदाला शंभर फोटो काढते. पण दिसतो आकाशाचा एवढासा तुकडा."

चुकला तर बदलून यायला आठ दिवस. गुरुवार तीन दिवसांवर. नवऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तूच ठरव."

"शनी अंधुक असतो का हो?" तिने दुकानदाराला विचारलं.

"छे, चांगला उजळ. हवेमुळे थरथरतो, एवढंच."

थरथरतो म्हटल्यावर तिला टेबलावर हातपाय झाडणारी लहान मुलं आठवली. त्यांचा एक्स-रे डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच घ्यावा लागे, वेळ लांबला की चित्र फिसकटलंच. शंभरातले चार तरी स्थिर येतील!

"डबी द्या," ती म्हणाली.

अंधार पडताच तिने कॅमेरा बसवला. लॅपटॉपचा पडदा काळाकुट्ट. "अण्णा, चुकीचा घेतला हो मी!"

"अगं, धीर धर," अण्णा पलंगावरून म्हणाले. "कॅमेरा काढ. आधी डोळ्याने शनी बरोबर मधोमध आण, मग धक्का न लावता बसव."

तिसऱ्या खेपेला पडद्यावर पांढुरका गोळा उमटला. तिने दुर्बिणीचं फोकसचं चाक केसभर फिरवलं. गोळा आवळत गेला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सुईसारखी बारीक रेघ निघाली, तीच मिटत आलेली कडी.

अण्णांनी डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं. "दुखतंय का?"

"नाही गं." मग पडद्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "माझा एक्स-रे तूच काढलास ना? खरं सांग, कितपत वाईट आहे?"

आठवडाभर ती हाच प्रश्न टाळत आली होती. पलंगाच्या कडेला बसून तिने सगळं सांगितलं, काही न लपवता.

गुरुवारी शस्त्रक्रिया पाच तास चालली. उजवा हात सुधारला, डाव्याची दोन बोटं अजून ऐकत नाहीत. "हरकत नाही," अण्णा म्हणतात, "चाक फिरवायला तू आहेस."