लाथेनंतरचं घमेलं

म्हशीच्या लाथेने आईचं उजवं मनगट मोडलं. बावधनच्या दवाखान्यात प्लास्टर घालून आम्ही दोघी दुपारी भुकूमला परतलो, तेव्हा धाकटा भाऊ गोठ्याच्या दारात उभा राहून फोनवर बोलत होता. जनावरांचा एक व्यापारी जवळच्या चांदे गावात राहतो. त्याच्याशी बोलणं चाललं होतं.

"हिला आता ठेवायची न्हाई," फोन ठेवून तो म्हणाला. "आज हात मोडला, उद्या डोकं फोडंल."

"दुभत्या जनावराची लाथ गोड आसती," आई म्हणाली.

"गोड? मग ते प्लास्टर चाटून बघ."

गोठ्यात ही एकच म्हैस उरली होती. जमिनीचा मोठा तुकडा विकून झाला होता, घरावर मजला चढला होता आणि वरच्या खोल्यांत हिंजवडीला कामाला जाणारी मुलं भाड्याने राहत होती. गोठ्याच्या जागी आणखी दोन खोल्या काढाव्यात, असा भावाचा विचार होता. त्यात चुकीचं काही नव्हतं. आईला मात्र म्हैस हवी होती. लग्न होऊन आल्यापासून तिचा दिवस धार काढण्याने सुरू झाला होता. तिने एवढंच कारण दिलं.

मी पुण्यातल्या एका दैनिकात होते. पाळी दुपारची, त्यामुळे सकाळ मोकळी. धार काढायला लहानपणी शिकले होते. म्हशीची खोड मोडायला मी भावाकडे पंधरा दिवस मागितले.

"घे," तो म्हणाला. "सोळाव्या दिवशी व्यापारी येणार. त्याच्यापुढं नीट धार काढू दिली तर ऱ्हाऊ दे. न्हाईतर टेम्पो."

सकाळची धार मी आणि संध्याकाळची भावाने काढायची, पेंड आईने डाव्या हाताने घालायची, असं ठरलं.

पहिल्या तीन सकाळी मी काहीच बदललं नाही. जे घडलं ते वहीत लिहिलं: लाथ कधी मारली, तिच्या आधी काय झालं, नंतर काय झालं. या म्हशीचं रेडकू दोन महिन्यांचं असताना मेलं होतं. रेडकू नसलं की म्हैस पान्हा चोरते, म्हणून आईने तिला पेंडीची सवय लावली. पुढे घमेलं ठेवायचं आणि ती खात असताना धार काढायची. काही दिवस ते चाललं. मग केव्हातरी धार संपायच्या आत पेंड संपली, म्हशीने पाय झाडला आणि आईने आणखी पेंड घातली. म्हैस शांत झाली. पुढे पुढे पाय लवकर झाडला जाऊ लागला. आता पहिली धार बादलीत पडायच्या आतच लाथ येत होती.

तीन सकाळींत नऊ लाथा होत्या. नऊही वेळा मिनिटभरात घमेल्यात पेंड पडली होती. म्हैस नुसती उभी असताना पेंड एकदाही पडली नव्हती. मी आईला वही वाचून दाखवली.

"म्हंजी मीच शिकवली व्हय तिला लाथ माराया?"

"तिनंही तुला शिकवलं. तू पेंड टाकलीस की ती गप्प व्हायची, म्हणून तू परत टाकायचीस."

भाऊ दारातून ओरडला, "ताई, पेपरात छाप. भुकूमच्या म्हशीनं मालकीण माणसाळवली!"

आई हसली नाही. ती प्लास्टरच्या हाताकडे बघत बसली.

चौथ्या दिवशी नियम बदलला. सुरुवातीला फक्त पसाभर पेंड. म्हशीचे चारही पाय जमिनीवर असतील तोवर थोड्या थोड्या वेळाने आणखी पसाभर. पाय झाडला की आईने घमेलं उचलून पाठीमागे धरायचं, धार काढणाऱ्याने बादली घेऊन बाजूला व्हायचं. ओरडायचं नाही, मारायचं नाही, चुचकारायचंही नाही. ती स्थिर उभी राहिली की पुन्हा सुरुवात.

आधी सगळं बिघडलं. इतके दिवस जे हुकमी मिळत होतं ते मिळेना, तेव्हा म्हशीने लाथांचा जोर वाढवला. ती दाव्याला हिसके देऊ लागली, रेकू लागली. दूध निम्म्यावर आलं. वरच्या खोलीतला एक भाडेकरू कानातला इअरफोन काढत जिन्यावर आला.

"काकू, हिला काही दुखतंय का? माझ्या मीटिंगमध्ये सगळ्यांना ऐकू जातंय."

"दुखत न्हाई बाबा. हट्टाला पेटलीया."

"कुणाशी?"

"माझ्याशी," आई म्हणाली.

आठव्या दिवशी म्हशीने पाय उचलला आणि न झाडता खाली ठेवला. आईने लगेच पेंड घातली. नवव्या सकाळी एकही लाथ नव्हती. दहाव्या सकाळी सात होत्या. सातव्या लाथेला बादली आडवी झाली आणि दूध शेणात गेलं.

काल संध्याकाळी काय झालं, असं मी विचारलं. उत्तर भावाने दिलं.

"लाथ मारल्यावर आईनं दोन पसे टाकले. मी न्हाई म्हणत व्हतो."

"एकदाच टाकली गं," आई म्हणाली. "लई वरडत व्हती. बघवंना."

दर वेळी मिळणारी गोष्ट बंद झाली की मागणारा लवकर नाद सोडतो. अधूनमधून मिळणारी गोष्ट मागणारा सोडत नाही, कारण पुढची खेप तीच असू शकते. आमचे एक संपादक वर्षातून एखाद्या वेळी "मथळा बरा होता" म्हणत. तेवढ्यासाठी मी पाळी संपल्यावरही मथळे बदलत बसले आहे, तेही अनेक वर्षं. आईला हे सांगितलं नाही. "एकदाच" टाकलेली पेंड रोजच्या पेंडीपेक्षा वाईट, एवढं सांगितलं आणि सुचवलं की संध्याकाळी घमेलं दुसऱ्या कुणाकडे देऊ.

"न्हाई," ती म्हणाली. "घमेलं माझ्याच हातात ऱ्हाईल. खोड मी लावली, मीच मोडीन."

त्या संध्याकाळी मी कचेरीत असताना भावाचा फोन आला. म्हैस एवढी कधीच रेकली नव्हती आणि आई तिच्या पुढ्यात घमेलं पाठीमागे धरून उभी होती. तिला बसायला सांगितलं तरी ती बसली नाही. "दोघींतली एकबी मागं हटंना," तो म्हणाला. शेवटी म्हैस थांबली. तेराव्या दिवशी दोन लाथा होत्या, चौदाव्याला एक, पंधराव्याला एकही नाही.

सोळाव्या दिवशी सकाळीच व्यापारी आला. अनोळखी माणूस मागे उभा राहिलेला म्हशीला खपला नाही. मी कासेला हात लावताच तिने लाथ झाडली. मी बादली घेऊन बाजूला झाले. भावाने माझ्याकडे बघितलं. आईचं घमेलं केव्हाच पाठीमागे गेलं होतं.

"वयनी, टाका की थोडी पेंड," व्यापारी म्हणाला. "गप ऱ्हाईल."

"म्हाईत हाय. म्हणूनच टाकत न्हाई."

म्हैस फुरफुरली. तिने पाय अर्धा उचलला, तसाच अधांतरी धरला आणि खाली टेकवला. आई थांबली. मग एक पसा पेंड पुढे आली आणि मी बसले. बादली भरेपर्यंत पाय पुन्हा उचलला गेला नाही.

व्यापाऱ्याने म्हशीभोवती फेरी मारली. "जनावर शाणं हाय. फोनवर बोललो त्याच्या वर दीन. बोला."

भावाने म्हशीकडे बघितलं, मग आईकडे.

"न्हाई, काका," तो म्हणाला. "ऱ्हाऊ द्या. तुमाला उगं हेलपाटा झाला."

व्यापारी फाटकाबाहेर पडला नसेल तोच आई स्वयंपाकघरात गेली आणि आदल्या दिवशीच्या दुधाची साय साखर घालून घेऊन आली. वाटी तिने भावाच्या हातात दिली.

"आत्ता कशाला? च्या प्यायचाय अजून."

"खा मुकाट. चांगलं वागल्यावर लगीच द्याचं आसतं," आई म्हणाली. "तुज्या बहिणीनंच सांगितलंय."

त्याने वाटी संपवली. त्याच आठवड्यात त्याने खोल्यांचा नकाशा परत काढायला दिला आणि गोठ्याची जागा तेवढी सोडायला सांगितली.