पाठीवरचा हात

इथले अनुभव मी नेहमी वाचते, पण खरं सांगायचं तर त्यातल्या निम्म्यांवर माझा विश्वास बसत नाही. आम्ही ख्रिस्ती. रविवारची उपासना मी सहसा चुकवली नाही, पण कोणी "मला आवाज ऐकू आला", "मला दर्शन झालं" म्हणू लागलं की मी विषय बदलायची. त्यात मी नर्स. अमरावतीच्या एका हॉस्पिटलमध्ये आयुष्य गेलं. ग्लानीत माणसांना काय काय दिसतं, ते पुष्कळ पाहिलंय. "प्रभू तुमच्यासोबत आहे" हे मीही पेशंटच्या नातेवाइकांना म्हणायची... उशी सरळ करावी तितक्या सवयीने.

आम्ही दोघं अमरावतीतच, राजापेठला राहायचो. मिस्टर मूळ अकोल्याचे, शाळेत ड्रॉइंग टीचर होते. रिटायर झाल्यावर त्यांना विस्मरणाचा आजार लागला. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरायचे, मग ओळखीची माणसं, मग मी. मला ते "बाई" म्हणायला लागले. "बाई, लय केलं तुमी माह्यासाठी, आता मले घरी जाऊ द्या." घर म्हणजे त्यांचं लहानपणीचं, अकोल्याचं — जे कधीच पाडलं गेलंय. आमची मुलगी शीतल अकोल्यातच असते. दोघंही इकडे या, म्हणायची. मी आज-उद्या करत होते.

मे महिन्यातली दुपार होती. वऱ्हाडातली ही दुपार ज्यांनी पाहिली आहे, त्यांना जास्त सांगायला नको. मी मागे कपडे धूत होते. आत आले तर दार सताड उघडं, मिस्टरांच्या चपला जागेवर नाहीत. गल्लीत विचारलं, दुकानांत विचारलं. कोणी पाहिलं नव्हतं. अकोल्याच्या ओढीने बडनेरा स्टेशनकडेच गेले असणार, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं आणि शेजारी तिकडे धावले. समोरच्या वनिताने स्कूटी काढली, मी मागे बसले.

चौकात सिग्नलला थांबलो. तोंडून धड प्रार्थनासुद्धा निघेना. मनात एवढंच आलं — प्रभू, मला धीर नको देऊस, ते कुठे आहेत तेवढं दाखव. रागानेच म्हटलं मी.

आणि पाठीवर हात पडला.

उबदार, अख्खा तळवा, दोन्ही खांद्यांच्या मधोमध. वळून पाहिलं तर मागे कोणी नाही. आणि तो हात मला बडनेऱ्याच्या उलट दिशेला वळवत होता... लहान मुलाला चालायला शिकवताना वळवतो ना, तसा.

वनिताला म्हटलं, "चांदूर रेल्वेच्या रस्त्याले घे."

"काकू, तिकडं कायले? काका तं अकोल्याकडंच गेले असतीन."

"मले माहीत नाही. पण घे तू."

तिने घेतली. शहर मागे पडलं, चांदूर रेल्वे गावाच्या वाटेवरचं पोहऱ्याचं जंगल सुरू झालं. साग उघडे पडलेले, गरम झळा तोंडावर येत होत्या. परत फिरू, असं वनिता पुन्हा पुन्हा म्हणत होती. माझंच डोकं फिरलंय, असं मलाही वाटत होतं. पण फाटा आला की तो हात दाबायचा, आणि रस्ता सरळ असला की नुसता टेकलेला असायचा. मग एके ठिकाणी तो एकदम नाहीसा झाला. मी वनिताला थांबायला सांगितलं.

रस्त्याच्या कडेला एसटीचा निवारा होता, त्याच्यामागे कडुनिंब. त्याखाली मिस्टर बसले होते. चुकीच्या गाडीत चढून तिथे उतरले असावेत, नक्की आजही माहीत नाही. केस आणि सदरा पाण्याने ओले होते. जवळ ना बाटली, ना हापशी.

मला पाहून ते म्हणाले, "आली तू, सुहास? मले म्हने ते, उठू नको, सुहास येऊनच राहिली."

माझं नाव. कित्येक महिन्यांनी.

कोण म्हणे, असं वनिताने विचारलं. आत्ताच गेले, म्हणत त्यांनी रस्त्याकडे बोट केलं. रस्ता लांबवर सरळ होता आणि दोन्ही बाजूंनी रिकामा.

मी रडत होते, आणि रडता रडता त्यांची नाडी बघत होते. त्यांनी माझी बाही ओढली. "ऐक ना. तुह्यासाठी सांगून गेले ते..."

"आधी पाणी प्या," मी म्हटलं. "घरी गेल्यावर सांगा सगळं."

वनिताने फोन केला, तिचा नवरा कार घेऊन आला. गाडीतही त्यांनी पुन्हा सुरुवात केली. बोलू नका, दम लागेल, असं म्हणून मी त्यांना गप्प केलं. उन्हातून आलेल्या पेशंटला कोणीही तेच सांगेल. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ते झोपले. संध्याकाळी जागे झाले आणि मला म्हणाले, "बाई, हे कोणाचं घर हाय?"

त्यानंतर आम्ही अकोल्याला शीतलकडे आलो. मी रोज विचारायची — झाडाखाली कोण बसलं होतं, काय सांगितलं? ते माझ्याकडे बघून सभ्यपणे हसायचे. मग त्यांचं बोलणंच बंद झालं, आणि थंडी सुरू व्हायच्या आत ते गेले.

पाळकसाहेब म्हणतात, शंका कशाला, प्रभूच होता. शीतल म्हणते, कोणी भला शेतकरी पाणी देऊन गेला असेल, तुझं नाव बाबांनाच क्षणभर आठवलं असेल, आणि ताणाने पाठीचे स्नायू आखडतात हे तुला मी सांगायला हवं का? दोघांचंही मला पटतं, आणि दोघांचंही पुरत नाही. चांदूरचा रस्ता मला कोणी दाखवला, याचं उत्तर शीतलकडेही नाही.

प्रभू सोबत आहे, हे मी आता सवयीने म्हणत नाही. पण तो हात पुन्हा कधी लागला नाही. सकाळी प्रार्थना संपली तरी मी डोळे मिटून जरा जास्तच वेळ बसते. मग स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते आणि मी उठते. माझ्यासाठी काय निरोप होता, ते मला अजून कळलेलं नाही.